ज्ञानालाही कल्हई हवी

(सोनगीर, जि. धुळे येथे ग्रामस्थ आणि परिसरातील डॉक्टर यांच्या एकत्रित सभेत एका ज्येष्ठ वैद्यक व्यावसायिकांनी केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. वक्त्यांच्या इच्छेनुसार त्यांचे नाव दिलेले नाही.)



डॉक्टरांच्या सभेत डॉक्टरांविषयी बोलणे सोपे असते. रुग्णांच्या सभेत रुग्णांविषयी बोलणे त्याहून सोपे. आज दोघेही समोर बसले आहेत, म्हणून मला जपून बोलावे लागणार आहे. तरीही आपण मला बोलावलेत, याबद्दल प्रथम आपले आभार मानतो.

सोनगीर हे तांब्यापितळेच्या भांड्यांचे गाव. महामार्गाने येताजाता किल्ल्याच्या पायथ्याशी गाडी थांबवून इथला हंडा, इथली कळशी नेलेली माणसे साऱ्या खानदेशात भेटतात. तेव्हा कल्हई म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगावे असे नाही. नव्या पिढीतील मुलांनी कदाचित पाहिली नसेल, म्हणून दोन वाक्यांत सांगतो. पितळेचे पातेले भट्टीवर तापवायचे, नवसागराची पूड टाकून आतून स्वच्छ करायचे आणि वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने आतल्या बाजूला सर्वत्र फिरवायचे. पातेले चांदीसारखे चकाकू लागते. ही कल्हई वापराने झिजते. ती झिजली की त्यात ठेवलेले ताक, आमटी कळकते आणि खाणाऱ्याच्या पोटात विष जाते. गंमत अशी की बाहेरून पातेले तेवढेच लखलखीत दिसते. झीज होते ती आतून. घरातल्या जाणत्या बाईला ती कळत असे आणि कल्हईवाल्याची हाक आली की ती पातेली बाहेर काढून ठेवीत असे.

डॉक्टरच्या ज्ञानाचेही असेच आहे. दाराबाहेरची पाटी चकचकीत राहते. अनुभवाची वर्षे वाढतात तशी ती अधिकच चकाकते. आतली कल्हई मात्र झिजत असते. ती झिजली आहे हे कोणी पाहायचे? आणि डॉक्टरने ती पाहू द्यायची की नाही? आजच्या भाषणाचा विषय एवढाच आहे.

माझ्या खात्यावरचे गुण

या विषयावर बोलण्याचा मला काय अधिकार आहे, असे तुम्ही विचाराल. माझा अधिकार माझ्या एका चुकीतून आला आहे. ती चूक मी आजवर फारच थोड्या लोकांना सांगितली आहे.

साधारण दीड तपापूर्वीची गोष्ट. श्रावणातली सकाळ होती. महामार्गालगतच्या गावी माझा दवाखाना. शेतमजुरी करणारी तिशीतली एक बाई नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून आली. रात्रभर जमिनीवर गोधडी टाकून झोपली होती. पहाटे पोटात कळा येऊन जाग आली. एकदा उलटी झाली. घशाशी काही अडकल्यासारखे वाटत होते. अंगावर कुठे जखम नाही, सूज नाही, ताप नाही. मी पित्ताचे इंजेक्शन दिले आणि जरा पडून राहायला सांगितले. बाहेर रुग्णांची रांग होती.

तासाभराने नवरा सांगू लागला, हिला डोळे उघडवत नाहीत. रात्री झोप झाली नसेल, ग्लानी आली असेल, असे मी म्हणालो. आणखी काही वेळाने ती बोलू लागली तर आवाज नाकातून येत होता आणि तोंडातली लाळ गिळता येत नव्हती. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही मण्यार होती. जीप करून तिला धुळ्याला धाडले. ती धुळ्याला पोहोचली नाही.

मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंशाची वेदना जवळजवळ नसते, दाताची खूण शोधून सापडत नाही. पहाटेची पोटदुखी, उलटी, मग जड होणाऱ्या पापण्या, गिळता न येणे आणि शेवटी श्वासाचे स्नायू निकामी होणे, असा तिचा क्रम असतो. पापण्या जड होताच प्रतिसर्पविष सुरू करायचे आणि कृत्रिम श्वासोच्छ्वासाची सोय असलेल्या ठिकाणी रुग्णाला वेळेत पोहोचवायचे. पावसाळ्यात पहाटे अशी पोटदुखी घेऊन कोणी आले तर आधी मण्यारीची शंका घ्यावी, हे खानदेशात व्यवसाय करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला ठाऊक असायला हवे. मला ठाऊक नव्हते.

आता त्याहून लज्जास्पद भाग सांगतो. त्या घटनेच्या सहा महिने आधी एका मोठ्या शहरात डॉक्टरांसाठी निरंतर वैद्यकीय शिक्षणाचा कार्यक्रम झाला होता. त्यातले जेवणानंतरचे व्याख्यान सर्पदंशावर होते. मी सकाळी नोंदवहीत सही केली, चहा घेतला, मिळालेली पिशवी उचलली आणि मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायला बाजारात गेलो. त्या रात्री घरी येऊन मी कपाटातली ती पिशवी उघडली. आतल्या पुस्तिकेत सर्पदंशाचे पान होते. सकाळी त्या बाईत जे जे दिसले, ते सर्व त्या पानावर त्याच क्रमाने छापलेले होते. त्या कार्यक्रमाचे गुण माझ्या खात्यावर जमा झाले होते. त्यावर माझी नोंदणी नूतनही झाली.

तेराव्यानंतर तिचा नवरा भेटायला आला. मला वाटले, जाब विचारायला आला असेल. तो हात जोडून म्हणाला, “डॉक्टरसाहेब, तुम्हीन तं गाडी करी दिन्ही. आमना नशीबमाच नव्हतं.”

तो माझे आभार मानायला आला होता. दोन तास लवकर निघाली असती तर ती वाचली असती, असे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण ते दोन तास मी घालवले, हे जगात फक्त मला ठाऊक होते. रुग्णाला ते कळणे शक्य नव्हते. म्हणूनच मी म्हणतो, डॉक्टरची परीक्षा रुग्णावर सोपवता येत नाही. ती दुसऱ्या डॉक्टरलाच घ्यावी लागते.

अनुभव वाढतो, ज्ञान घटते

हा एकट्या माझा दोष असता, तर मी तुमचा वेळ घेतला नसता. मुंबईतील एक उदाहरण पाहा. १९९१ साली मुंबईतील १०० खासगी डॉक्टरांनी क्षयरोगासाठी दिलेल्या औषधयोजनांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १०० डॉक्टरांनी मिळून ८० वेगवेगळ्या योजना लिहिल्या होत्या. त्यातील बहुतेक अयोग्य होत्या. पुढे सुमारे वीस वर्षांनी डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धारावी भागात तशीच पाहणी केली. तो अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. १०६ डॉक्टरांनी ६३ वेगवेगळ्या योजना लिहिल्या. बिनचूक योजना लिहिणारे केवळ ६ निघाले.

मधल्या वीस वर्षांत क्षयरोगाची राष्ट्रीय मोहीम देशभर पसरली, पुस्तके निघाली, व्याख्याने झाली. चिठ्ठीवरचे औषध मात्र फारसे बदलले नाही. अर्धवट, चुकीच्या उपचारातून औषधांना दाद न देणारा क्षय तयार होतो आणि तो एका घरातून दुसऱ्या घरात जातो. म्हणजे डॉक्टरच्या जुन्या ज्ञानाची किंमत ज्याने त्याचे तोंडही पाहिले नाही असा शेजारी मोजतो.

आपल्याकडे म्हण आहे, उन्हात केस पांढरे केले नाहीत. अनुभवाला आपण मान देतो आणि तो द्यायलाच हवा. पण २००५ साली हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी या विषयावरील ६२ अभ्यास एकत्र तपासले. त्यांतील ५२ टक्के अभ्यासांमध्ये डॉक्टरच्या व्यवसायाची वर्षे वाढत गेली तशी उपचारांची गुणवत्ता मोजलेल्या प्रत्येक निकषावर घसरत गेलेली दिसली. वर्षांबरोबर सर्व निकषांवर गुणवत्ता वाढलेली दाखवणारा अभ्यास होता एकच. अनुभव हात स्थिर करतो, मन स्थिर करतो, रुग्णाशी बोलण्याची रीत शिकवतो. नवे ज्ञान मात्र तो आपोआप आणून देत नाही. एकच वर्षाचा अनुभव तीस वेळा घेणे आणि तीस वर्षांचा अनुभव घेणे, यांत अंतर आहे.

“मला माझ्या उणिवा कळतात, मी वाचत असतो,” असे आपण डॉक्टर म्हणतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात डॉक्टरांनी स्वतःला दिलेले गुण आणि इतरांनी तपासून दिलेले गुण यांची तुलना होती. अशा २० तुलनांपैकी १३ मध्ये या दोहोंचा मेळ फारच थोडा होता, मुळीच नव्हता किंवा उलटा होता. आणि ज्यांची तयारी सर्वांत कच्ची, त्यांचाच स्वतःविषयीचा अंदाज सर्वांत चुकलेला होता. आरशात पाठ दिसत नाही, त्यातलाच हा प्रकार.

आणि शास्त्र थांबत नाही. जठरातील व्रणाला आम्ही विद्यार्थिदशेत काळजी आणि तिखट यांचा परिणाम मानत होतो. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियातील मार्शल आणि वॉरेन यांनी त्यामागे जिवाणू असल्याचे दाखवले. २००५ साली त्यांना नोबेल मिळाले. लहान मुलांच्या तापाला सर्रास दिले जाणारे निमेसुलाइड २०११ साली बारा वर्षांखालील मुलांसाठी आपल्या देशात बंद झाले. क्षयरोगाच्या गोळ्या आठवड्यातून तीनदा देण्याची राष्ट्रीय कार्यक्रमातील पद्धत जाऊन २०१७ पासून रोजच्या गोळ्या आल्या. आपल्या धुळे-नंदुरबारच्या पट्ट्यात भिल्ल आणि पावरा बांधवांत सिकलसेल आढळतो. ‘हातपाय दुखतात’ म्हणणाऱ्या मुलाला वेदनाशामक देऊन घरी पाठवणे आणि त्याचे रक्त तपासणे यांत एका आयुष्याचे अंतर असते.

कोरोनाच्या काळात तर हे सारे काही महिन्यांत घडले. २०२० च्या जूनमध्ये ऑक्सफर्डच्या चाचणीतून कळले की डेक्सामेथासोन हे स्वस्त स्टेरॉइड प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांचे जीव वाचवते आणि प्राणवायू न लागणाऱ्यांना त्याचा लाभ होत नाही. ज्यांनी वाक्याचा पहिला अर्धा भाग ऐकला आणि दुसरा ऐकला नाही, त्यांनी ते घरी बसलेल्या रुग्णांनाही भरमसाट दिले. २०२१ मध्ये महाराष्ट्राने काळ्या बुरशीचे जे भयानक रूप पाहिले, त्यामागे मधुमेहाबरोबर स्टेरॉइडचा हा अनिर्बंध वापरही एक कारण होता. प्लाझ्माचेही तेच. त्याने मृत्यू टळत नाहीत, हे आपल्याच देशातील ३९ रुग्णालयांत झालेल्या चाचणीने २०२० मध्ये दाखवले होते. तरी २०२१ च्या एप्रिलमध्ये नातेवाईक रात्ररात्र प्लाझ्मासाठी धावत होते, कारण कोणीतरी चिठ्ठी लिहून देत होते. मे महिन्यात तो उपचार राष्ट्रीय मार्गदर्शिकेतून वगळला गेला.

दिवसाला एक मिनिट

आता नियम काय सांगतो ते पाहू. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार डॉक्टरने दर पाच वर्षांत किमान ३० तास निरंतर शिक्षण घ्यावे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी ३० गुण मिळवावे लागतात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवी नियमावली काढली. औषधांच्या जेनेरिक नावांवरून वाद झाला आणि त्याच महिन्यात ती स्थगित होऊन २००२ चेच नियम पुन्हा लागू झाले.

पाच वर्षांत ३० तास म्हणजे १,८०० मिनिटे. पाच वर्षांचे दिवस १,८२५. म्हणजे दिवसाला एक मिनिटही पूर्ण भरत नाही! एवढे अभ्यासाचे बंधन आम्हाला जाचक वाटते आणि तेही सही करून चुकवता येते, हे मी स्वतः सिद्ध करून दाखवले आहे. या नियमात हजेरी मोजली जाते. काय समजले, हे कोणी विचारत नाही.

विमानाच्या वैमानिकाला दर सहा महिन्यांनी आपले कौशल्य तपासून घ्यावे लागते. रेल्वेच्या इंजिनचालकाची नजर ठराविक मुदतीने तपासली जाते. त्यात त्यांना अपमान वाटत नाही. वैमानिक निदान स्वतःही त्याच विमानात बसलेला असतो. आम्ही डॉक्टर मात्र जमिनीवर उभे राहून विमान चालवतो.

आक्षेपांचा विचार

माझे व्यवसायबंधू अस्वस्थ झाले असतील. त्यांचे आक्षेप मी जाणतो, कारण ते सर्व मी स्वतः घेतले आहेत.

पहिला आक्षेप वेळेचा. खेड्यातला डॉक्टर एकटा असतो. तो नाशिकला दिवसभर गेला तर दवाखाना बंद राहतो आणि त्या दिवशी आलेला रुग्ण वैदूकडे जातो. हा आक्षेप खरा आहे. त्याचे उत्तर असे की शिक्षण डॉक्टरकडे आले पाहिजे. धुळ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथले अध्यापक महिन्यातून एकदा तालुक्याच्या गावी येऊ शकतात.

दुसरा आक्षेप असा की हे कार्यक्रम म्हणजे औषध कंपन्यांची जत्रा. हाही बराचसा खरा. २००९ च्या डिसेंबरमध्ये आचारसंहितेत दुरुस्ती होऊन कंपन्यांकडून भेटवस्तू आणि प्रवासखर्च घेण्यास डॉक्टरांना मनाई झाली. तरीही ज्याच्या जेवणावर आपण शिकतो, त्याचेच औषध आपल्या लेखणीतून उतरते. उपाय सोपा आहे. आपली वर्गणी आपण काढावी. मुलांच्या क्लासची फी भरताना आपण हात आखडता घेत नाही.

तिसरा आक्षेप: गावोगाव बोगस डॉक्टर बसले आहेत, त्यांना कोणी विचारत नाही आणि पदवीधराचीच परीक्षा का? बोगस डॉक्टरांवर कारवाई झालीच पाहिजे. पण शेजाऱ्याच्या घराला कुलूप नाही म्हणून आपण आपले दार उघडे टाकत नाही. उलट, आपल्यात आणि त्याच्यात फरक कोणता, हे लोकांना दाखवण्याचा याहून चांगला मार्ग नाही.

चौथा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, तो भीतीचा. “मी माझी चूक चारचौघांत मान्य केली, तर उद्या न्यायालयात आणि परवा दगडफेकीत तिचा उपयोग होईल.” २०१७ च्या मार्चमध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात एका तरुण निवासी डॉक्टरला जमावाने केलेली मारहाण आपण विसरलेलो नाही. त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली आणि राज्यभरातले निवासी डॉक्टर कामावरून दूर झाले. ज्या समाजात चुकीची शिक्षा काठीने होते, तिथे कोणीही चूक मान्य करत नाही. आणि मान्य न केलेली चूक पुढच्या रुग्णाच्या बाबतीत पुन्हा होते. सोनगीरकर मंडळी, हा भाग तुमच्यासाठी आहे.

पाचवा आक्षेप परीक्षेच्या स्वरूपाचा. चाळीस वर्षे रुग्ण पाहिलेल्या माणसाला पुन्हा कागदावर गोल काळे करायला लावण्यात काय अर्थ? यात तथ्य आहे. अमेरिकेतील अंतर्वैद्यक मंडळाने १९९० पासून दहा वर्षांच्या मुदतीची प्रमाणपत्रे देण्यास सुरुवात केली. २०१४ साली त्यांनी अटी आणखी वाढवल्या, तेव्हा डॉक्टरांत मोठा असंतोष उसळला. शुल्क फार, वेळ फार आणि प्रश्नांचा रोजच्या कामाशी संबंध नाही, अशी तक्रार होती. २०१५ च्या फेब्रुवारीत मंडळाने जाहीर माफी मागून अनेक अटी मागे घेतल्या.

ब्रिटनने वेगळी वाट धरली. ब्रिस्टल येथील रुग्णालयात लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांत अपेक्षेपेक्षा जास्त मृत्यू होत होते. तिथल्या एका तरुण भूलतज्ज्ञाने ते मोजले, वरिष्ठांना सांगितले. पण बराच काळ कोणी ऐकले नाही. २००१ च्या चौकशी अहवालानुसार १९९१ ते १९९५ या काळात अपेक्षेपेक्षा ३० ते ३५ अर्भके अधिक दगावली होती. त्यानंतर बराच खल होऊन डिसेंबर २०१२ पासून तिथे प्रत्येक डॉक्टरची दर पाच वर्षांनी पुनर्मान्यता सुरू झाली. त्यात लेखी परीक्षा नाही. दरवर्षी एक सहव्यवसायी समोर बसून तुमचे काम पाहतो. सहकाऱ्यांची आणि रुग्णांची मते मागवली जातात. तुमच्या तक्रारी आणि तुमच्या चुका यांतून तुम्ही काय शिकलात, हे विचारले जाते. तिथेही कागदी घोड्यांची कुरकुर आहेच. पण दिशा योग्य आहे.

ही परंपरा आपलीच

दर वेळी परदेशाकडे पाहण्याचे कारण नाही. आपण चरक-सुश्रुतांचा अभिमानाने उल्लेख करतो. त्यांनी वैद्याला काय सांगितले, ते मात्र क्वचितच वाचतो. चरकसंहितेच्या विमानस्थानात ज्ञान मिळवण्याचे तीन उपाय दिले आहेत: अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्यसंभाषा, म्हणजे त्याच विद्येच्या जाणकारांशी चर्चा. अशा चर्चेने ज्ञानातील संशय फिटतात, वाणी सुधारते, असे सांगून आचार्यांनी चर्चेचे मैत्रीचे आणि वादाचे असे प्रकारही वर्णिले आहेत. शहाण्या माणसाला सारे जगच गुरू असते, असा त्यांचा आशय आहे. शिकणे पदवीपाशी संपते, असे त्यांनी कुठेही म्हटलेले नाही.

सुश्रुतांनी शस्त्रकर्माचा हात बसवण्यासाठी कोहळा, भोपळा, काकडी यांवर सराव करायला लावला. केवळ ग्रंथ जाणणारा किंवा केवळ कर्म जाणणारा वैद्य त्यांनी एका पंखाच्या पक्ष्यासारखा मानला. वैद्याने व्यवसायाला आरंभ करण्यापूर्वी राजाची अनुज्ञा घ्यावी, असे ते सांगतात आणि कुवैद्य लोकांचे प्राण घेत फिरतात हा राजाचा दोष ठरवतात. म्हणजे वैद्याची पात्रता तपासणे हे शासनाचे कर्तव्य, हा विचार आपल्याकडे फार जुना आहे. पूर्वजांचा अभिमान बाळगायचा, तर त्यांचा नियमही पाळायला हवा.

आजच्या काळातला आदर्श हवा असेल, तर कोकणात जावे लागेल. डॉ. हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातील एका खेड्यातून आलेले डॉक्टर. १९७० च्या दशकात ते रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाने माणसे, विशेषतः मुले, डोळ्यांदेखत दगावत होती. त्यांनी प्रत्येक रुग्णाशेजारी बसून नोंदी ठेवल्या आणि मृत्यू हृदय व फुफ्फुसे निकामी होऊन येतो, हे ओळखले. पुढे रक्तदाबावरचे प्राझोसिन हे साधे औषध त्यांनी वापरले आणि सुमारे ४० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आले. ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकाने खेड्यातल्या या डॉक्टरचे काम छापले.

मला त्यांची त्यापुढची गोष्ट अधिक मोलाची वाटते. ज्या औषधाने त्यांचे नाव जगभर झाले, त्याची त्यांनी स्वतःच पुन्हा परीक्षा घेतली. प्राझोसिनसोबत विंचवाचे प्रतिविष दिले तर रुग्ण अधिक लवकर बरा होतो का, याची रीतसर चाचणी त्यांनी केली आणि ‘होय, होतो’ असा निष्कर्ष २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केला. आपल्याच यशाला प्रश्न विचारणे, याला मी वैद्याचा धर्म म्हणतो. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ती या वृत्तीलाही होती, असे मी मानतो.

आपण काय करू शकतो?

सरकारने, परिषदेने काय करावे हे सांगून मी थांबलो, तर हे भाषण वाया जाईल. सोनगीर, नरडाणा, धुळे तालुका एवढ्या टापूत आपण काय करू शकतो?

माझ्या व्यवसायबंधूंना तीन गोष्टी सुचवतो. पहिली, महिन्यातून एका रात्री, दवाखाने बंद झाल्यावर, दोन तास एकत्र बसावे. पॅथी कोणतीही असो. पावसाळ्याच्या तोंडावर सर्पदंश, हिवाळ्यात बालकांचा न्यूमोनिया, उन्हाळ्यात उष्माघात, असे आपल्याच मातीतले विषय घ्यावेत. सुरुवातीला दहा प्रश्न, शेवटी तेच दहा प्रश्न. उत्तरपत्रिकेवर नाव लिहू नये. आपण किती शिकलो, ते आपल्यालाच कळेल. दुसरी, प्रत्येकाने सहा महिन्यांतून एकदा आपले दहा केसपेपर, रुग्णांची नावे झाकून, एका स्नेही डॉक्टरला वाचायला द्यावेत आणि त्याचे दहा आपण वाचावेत. तिसरी, एक वही ठेवावी. तिच्यात आपल्या हातून जे निसटले ते लिहावे. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर मण्यार आहे.

नागरिकांनाही तीन गोष्टी सांगतो. डॉक्टरने नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि चिठ्ठीवर द्यावा असा नियम आहे. तो पाहा, आणि नोंदणीचे नूतनीकरण झाले आहे का, हे नम्रपणे विचारा. विचारणे हा उद्धटपणा नाही. दुसरे, सुई आणि सलाईन यांचा हट्ट धरू नका. ‘औषधाची गरज नाही’ असे सांगणारा डॉक्टर बहुधा अधिक शिकलेला असतो. त्याची फी आनंदाने द्या. तिसरे, ‘मला हे नक्की सांगता येत नाही, वाचून किंवा विचारून सांगतो’ असे म्हणणाऱ्या डॉक्टरला कमी लेखू नका. त्या वाक्यासाठी फार धैर्य लागते. त्या सकाळी मी ते वाक्य उच्चारले असते, तर धुळ्याला एक फोन केला असता.

परवा मी त्या गावी गेलो होतो. तिचा मुलगा आता मोठा झाला आहे, बारावीला विज्ञान शाखेत आहे. त्याला डॉक्टर व्हायचे आहे. माझ्या पाया पडला. मी त्याला आशीर्वाद काय द्यावा, हे मला चटकन सुचेना. ‘खूप मोठा हो’ असे म्हणवेना. मी एवढेच म्हणालो, “बाळ, डॉक्टर झाल्यावरही शाळा सोडू नकोस.” ते पूर्ण का म्हणालो, हे त्याला अजून ठाऊक नाही. पुढच्या भेटीत ते त्याला आणि त्याच्या वडिलांना सांगायचे, असे मी आज तुमच्यासमोर ठरवतो आहे.

कल्हई लावताना भांडे तापवावे लागते. थोडे चटके बसतात, धूर होतो. पण त्यानंतर त्या भांड्यातले अन्न निर्धास्तपणे लेकरांना वाढता येते. सोनगीरच्या कारागिरांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आम्ही डॉक्टरांनी ते तुमच्याकडून शिकावे, एवढीच विनंती करतो आणि माझे बोलणे संपवतो.